आळशी मांडीचा व्यायाम

सलूनवाल्या काकांचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. दिवसभर खुर्चीभोवती उभं राहायचं, तेही सगळा भार उजव्या पायावर टाकून. अर्धे केस कापून झाले की गिऱ्हाइकाला उठवून स्वतःच बसावं, असं त्यांना वाटे. महिनाअखेरपर्यंत बरं वाटलं नाही तर दुकान मेहुण्याकडे जाणार होतं, आणि मेहुण्याची कात्री काय करते ते त्याच्या मुलांच्या डोक्यांकडे पाहून कळत असे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासलं. "गुडघा ठीक आहे. डावी मांडी आळशी झालीय, म्हणून उजवा पाय दोघांचं काम करतोय. व्यायाम फक्त डाव्या पायाला."

काका तेव्हा टेबलावर पडल्या पडल्या पेंगत होते. ऐकलं ते सोबत आलेल्या काकूंनी.

काकू बालवाडीत शिकवत. मुलांनी डावा पाय उचलावा म्हणून समोर उभं राहून आपला उजवा उचलायचा, ही त्यांची जन्माची सवय. संध्याकाळी दोघंही दमून आलेली असत. "हा पाय मागे. धरा. सोडा," म्हणत काकू डोळे मिटून घेत, दिवसभरात तेवढाच काय तो आराम. काकांचं आयुष्य आरशापुढे गेलेलं. समोर दिसतं ते उलटं, ते मनात सुलटं करून घ्यायचं, हा त्यांचा धंदाच. त्यांनी इमानेइतबारे सुलटं केलं आणि रोज उजवाच पाय उचलला.

गुडघेदुखी वाढली. "तुम्ही मन लावून करत नाही," काकू म्हणाल्या. काकांनी आणखी मन लावलं आणि ते लंगडायला लागले. मेहुणा दुकानात येऊन खुर्ची वरखाली करून पाहून गेला.

शेवटी दोघं पुन्हा दवाखान्यात गेली.

"कसं करता, दाखवा बरं."

दोघांनी समोरासमोर करून दाखवलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "काका, ज्या पायाला सुट्टी द्यायची त्यालाच तुम्ही ओव्हरटाइम करायला लावलात. आता पहिल्यापासून सुरुवात. काकूंचा पाय मात्र छान धरतोय."

"हो ना," काकू म्हणाल्या. "जिना चढताना डावा गुडघा दुखायचा, ते थांबलं."

"तुझा गुडघा दुखायचा?" काकांनी विचारलं. "कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"घरात एक दुखत होता ना. दोघांचं कुणी ऐकायचं?"

काकांनी लंगडत जाऊन कोपऱ्यातली खुर्ची काकूंकडे ओढली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"महिनाभर दुकान मेहुण्याकडे देऊ," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांचे केस काय, परत वाढतील. तू बस आता जरा."