पागेतला संसार

दुपारच्या सामसुमीत ताटली खण्णकन पडली. रंजीतानं वळून पाहिलं, तर धनराज हात तसाच अधांतरी धरून बसलेला.

"उद्या शहरातले साहेब पागा पाहाले येऊन राह्यले. पसंत पडली तं ठेवतीन, नाई तं पाडतीन."

पागा म्हणजेच त्यांचं घर. जंगलातल्या सरकारी बंगल्यामागं कुण्या इंग्रज साहेबानं घोड्यांसाठी बांधलेली. घोडे गेले, चौकीदार धनराजचं बिऱ्हाड आलं. गव्हाणीत तांदूळ राहू लागले. घोडा बांधायच्या कडीला लेकीचा, दिव्याचा पाळणा लागला, आता तिचं दप्तर.

"पाडली तं आपण कुठी जाव?"

धनराज बंगला झाडायला गेला. पाहुणा येणार म्हटलं की रंजीताला एकच सुचे. तिनं चुना कालवला, भिंती पोतारल्या, खाली गेरूचा पट्टा ओढला. दिवस मावळेस्तोवर जुनीपुराणी पागा नव्या ग्रामपंचायतीसारखी दिसू लागली.

धनराज आला आणि डोकं धरून खालीच बसला. "अवं, काय करून ठेवलं! साहेबाले जुनी पायजे!"

"मंग आंधी काऊन नाई सांगतलं जी? जुनी तं फुकटातच होती!"

सकाळी उठून धनराजनं विळ्यानं चुना खरवडला. तो अर्धा निघाला, अर्धा हटून बसला. उरलेल्यावर रंजीतानं चुलीची काजळी फासली, वरून शेणाचं पाणी मारलं. दहा वाजता पागा कालच्यापेक्षा शंभर वर्षांनी म्हातारी झाली होती.

साहेब आले. भिंतीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"वा! घोडेवाल्यांच्या शेकोट्यांचा धूर! असा थर आता कुठे बघायला मिळतो?"

रंजीतानं पदर तोंडात कोंबला.

"इमारत वाचली समजा," साहेब प्रसन्न होऊन म्हणाले. "फक्त एवढ्या जुन्या वास्तूत कुणाला राहू देता येत नाही. महिन्याभरात सामान हलवा."

गाडी गेली. धनराज हळूच म्हणाला, "दोन हात काजळी कमी फासली असती तं..."

"आन् अर्धा चुना कोनं ठेवला? विळा कोनाच्या हातात होता जी?"

तेवढ्यात दिव्यानं आईचा काजळीनं माखलेला हात ओढला.

"आई, आपून किती जुने झालो म्हंजे आपल्याले इथी राहू देतीन?"