इमारत क्रमांक सातचे छप्पर

विद्येला छप्पर लागत नाही; छप्पर लागतं ते अनुदानाला. हे ज्यांना वेळीच कळलं ती विद्यापीठं वाढली. नवी मुंबईत शिरवण्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या शंभर एकर भरावावर १९९२ साली स्थापन झालेलं सागरतट संशोधन विद्यापीठ हे त्यांपैकीच एक. वाढण्यात त्याने कधी आळस केला नाही. पहिल्या चार वर्षांत तिथे नियोजन समित्या अकरा झाल्या, उपसमित्या एकोणतीस झाल्या आणि इमारत एक झाली.

ती इमारत कोणती, हे सांगण्याआधी वनस्पतिशास्त्राच्या डॉ. जयमाला कर्णिक यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्या इमारतीचं मोल एवढ्या शिकलेल्या बाईंना काही केल्या पटेना. बाईंकडे तीन डबे भात होता. खायचा नव्हे, बियाण्याचा. खारं पाणी शिरलं तरी मान न टाकणारा हा लाल भात जगात एकाच खाचरात उरला होता आणि त्याच खाचरावर विद्यापीठ उभं होतं (म्हणजे राहणार होतं). खाचर पंढरी म्हात्रेचं. जमीन गेली तेव्हा शेवटच्या कापणीचं बी त्याने बाईंच्या हवाली केलं. विद्यापीठाचं मनही काही लहान नव्हतं. त्याने पंढरीला प्रकल्पग्रस्त म्हणून त्याच्याच शेतावर पहारेकरी नेमलं.

बी थंड, कोरड्या जागी राहिलं तरच जगतं. विद्यापीठाचं ऑफिस सीबीडी बेलापूरला, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथे समित्यांनाच बसायला जागा पुरत नव्हती. त्यामुळे हे डबे बाईंच्या नेरूळच्या घरी, फ्रीजमध्ये, इडलीच्या पिठाशेजारी नांदत होते. वीज रोज जायची. पहिल्या वर्षी शंभर दाण्यांतले ब्याण्णव उगवले, दुसऱ्या वर्षी पंच्याहत्तर, तिसऱ्या वर्षी अठ्ठावन्न. पुढची वजाबाकी बाईंना झोपू देत नसे.

आता इमारतीकडे वळू. अनुदान देणारे पाहणीला येतात आणि पाहणी म्हटली की काहीतरी दिसावं लागतं. म्हणून अख्ख्या विद्यापीठाची शंभरास एक या प्रमाणात प्रतिकृती करवून घेतली होती: प्लायवूडच्या चोवीस इमारती, स्पंजची चौदाशे झाडं आणि आरशाचं तळं. पण खाडीच्या दमट हवेने डिंक सुटून झाडं आडवी पडू लागली. एवढं मोठं विद्यापीठ उघड्यावर राहणं कोणाच्याच मनाला पटेना, तेव्हा पहिलं अनुदान हाती येताच त्यातून प्रतिकृती भवन बांधण्यात आलं. वातानुकूलित, तापमान अठरा अंश, जनरेटरसह. (प्रतिकृतीत प्रतिकृती भवन दाखवायचं राहून गेलं होतं, त्यासाठी तिसावी उपसमिती नेमण्यात आली.)

जयमालाबाईंनी तिथला एक कोपरा मागितला. कुलसचिव सुभाष रणपिसे यांचं उत्तर चार महिन्यांत, म्हणजे तातडीने आलं: 'आपणांस इमारत क्र. ७ मध्ये बीजपेढी मंजूर असल्याने अन्यत्र जागा देणे हा दुबार लाभ ठरेल.' इमारत क्रमांक सात प्रतिकृतीत होती, तळ्याच्या डावीकडे, संदुकीएवढी. बाई ते पत्र हातात घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं.

पंढरीने पत्र ऐकून घेतलं. "म्याडम, साहेबानी सात नंबर दिलाय ना? मंग सात नंबरानच ठेवूं. छप्पर नुसता वर ठेवलेला हाय, चिकटवला नाय."

त्याने छप्पर उचललं. तिन्ही डबे आत अगदी बेताने बसले. बाई सरळमार्गी, त्यांनी लगेच कळवलं, 'आदेशानुसार इमारत क्र. ७ चा ताबा घेतला आहे.' विद्यापीठाच्या इतिहासात कोणीतरी कशाचा तरी ताबा घेतल्याची ही पहिलीच वेळ. कुलसचिवांनी वार्षिक अहवालात 'बीजपेढी कार्यान्वित' असं छापून टाकलं. त्या वर्षी शंभरातले सत्तावन्न दाणे उगवले. फक्त एक कमी. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पंढरीला पेढे दिले.

चांगल्या कामाची दखल घेतली जातेच. इमारत क्रमांक सात कार्यान्वित आहे हे वाचून अनुदान देणाऱ्यांनी ती आवश्यक इमारतींच्या यादीतून वगळली. यादी बदलली म्हणून आराखडा बदलला, आराखडा बदलला म्हणून नवी प्रतिकृती आली आणि जुनी लिलावात निघाली. त्या दिवशी पंढरी गावदेवीच्या जत्रेला गेला होता आणि बाई हैदराबादला बियाणे-संवर्धनाच्या परिषदेत होत्या.

प्रतिकृती एका बिल्डरने आपल्या नव्या गृहसंकुलाचा नमुना म्हणून घेतली. चोवीस इमारती, तळं, झाडं, सगळं तयार. त्याने फक्त पाट्या बदलल्या. सभागृहाचं क्लबहाउस झालं. इमारत क्रमांक सात मात्र सातच राहिली. खासगी क्षेत्राचं काम पक्कं असतं, त्यामुळे छपरंही चिकटवून घेतली.

बाई आणि पंढरी साइट ऑफिसवर पोचले, तेव्हा तिथल्या मॅनेजरने, केयूर नावाच्या हसतमुख माणसाने, त्यांना थंड पाणी दिलं. "मॅडम, सात नंबर फुल आहे. टेरेस आता फ्लॅटवाल्यांची. अठ्ठावीस जणांची संमती आणा, लगेच छप्पर काढतो. तुमी टेन्शन नका घेऊ."

"माजा शेत नेला तवा कोनी संमती इचारली होती?" पंढरी म्हणाला.

हा प्रश्न बुकिंगशी संबंधित नसल्याने केयूरने त्याला माहितीपत्रक दिलं.

जयमालाबाईंनी अठ्ठावीस पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. वाचकहो, विद्यापीठाला हसून झालं असेल, तर आता जरा आठवून बघा. स्पंजची झाडं आणि आरशाचं तळं बघून इमारत क्रमांक सातमधल्या फ्लॅटचा चेक आपणच फाडलात. बाईंचं पत्र आपल्यालाही आलं होतं. जाहिरात असेल म्हणून आपण ते न फोडताच फ्रीजवर ठेवलंत. अजून तिथेच आहे. आतलं इडलीचं पीठ मात्र छान टिकलं असेल.