आबासाहेबांचं कुलूप

अंकिता बाजारातून परतली तेव्हा गल्लीतून पाण्याचा ओहोळ वाहत होता, आणि तो तिच्याच गच्चीवरून येत होता. जुळे सोलापुरात माणसानं एकवेळ भरल्या ताटावरून उठावं, पण भर गल्लीत पाणी सांडू नये. शेजारणी आपापल्या दारात उभ्या होत्या आणि एकही बोलत नव्हती. त्यानं अंकिता जास्तच पेटली.

तिनं धावत जाऊन मोटार बंद केली आणि हौदात डोकावलं. तळ दिसत होता; आता गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी. नळाला पाणी आता चार दिवसांनी येणार, आणि उद्या याच घरात तिच्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण.

"अहो, तुमच्या डबीनं मोटार बंद का केली न्हाय?"

तिचा नवरा युवराज घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायचा. चिपनं कुठलं काम कधी उरकायचं, आणि हाताशी वेळ असेल तेव्हा वेग उतरवून वीज कशी वाचवायची, हे ठरवणारे प्रोग्रॅम तो लिहायचा. तीच विद्या त्यानं मोटार आपोआप बंद करणाऱ्या डबीला शिकवली होती. टाकी भरेपर्यंतचा वेळ मोजायचा, मोटार बंद करायची आणि बाकी वेळ निवांत चालायचं. एवढीशी डबी, ती वीज खाणार किती आणि हा वाचवणार किती! पण हौसेला मोल नाही म्हणतात.

त्यानं लॅपटॉप उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. डबी वेळ मोजत होती ती स्वतःच्या ठोक्यांवर. वेग उतरला तसे ठोके संथ पडले, आणि तिची वीस मिनिटं होईपर्यंत बाहेर तास उलटून गेला.

"डबीच्या हिशेबानं वेळ झालीच नव्हती," तो म्हणाला.

"मग उद्या पावण्यांना हात धुवायला डबीच देते."

तेवढ्यात शेजारचे आबासाहेब फाटकाशी आले. चटणीसाठी त्यांनी अंगणात शेंगदाणे वाळत घातले होते.

"पोरी, शेंगदाणं पवायला लागलं की आमचं."

अंकितानं माफी मागितली, नवे शेंगदाणे आणून द्यायचं कबूल केलं आणि बोलत बोलत त्यांच्याबरोबर त्यांच्या हौदापर्यंत गेली. परत आली ती दोन बादल्या घेऊनच. आबासाहेब पाणी द्यायला तयार आहेत, पण पाच वाजता फाटकाला कुलूप लावून अक्कलकोटला निघणार आहेत, असं ती म्हणाली. तोवर मोरीतलं पिंप भरायचं, आणि ते युवराजनंच भरायचं, असं तिनं बजावलं.

नुकतेच दोन वाजले होते. "लई वेळ हाय की," म्हणत युवराजनं त्या मानानं वेग ठरवला. वेळ हाताशी असताना धावणं म्हणजे शक्ती वाया घालवणं, हे तो ऑफिसात रोज सांगायचा. दोन बादल्या आणल्या की पंख्याखाली बसायचं, मग मोबाइल बघायचा. पुढे हात भरून आले आणि चाल मंदावली, डोक्यातला हिशेब मात्र पहिल्या खेपेचाच राहिला. अंकिता पोळ्यांची कणीक मळता मळता हे सगळं बघत होती आणि तिचा राग परातीवर निघत होता.

पिंप जेमतेम अर्धं झालं होतं तेव्हा त्याचं घड्याळाकडे लक्ष गेलं. पाच वाजून गेले होते. त्याचा चेहरा उतरला.

"अंकिता, चुकलं माझं. कुलूप लागलं असंल."

"सहाला लागतंय," ती परातीतून मान वर न करता म्हणाली. "तुमाला मुद्दाम पाच सांगितलं."

त्यानं बादल्या उचलल्या आणि धूम ठोकली. गल्लीनं युवराजला पळताना पहिल्यांदाच पाहिलं. पिंप काठोकाठ भरलं, वर दोन घागरी भरल्या, तरी सहा वाजायचे होते.

शेवटची बादली उचलताना त्याला धाप लागली होती. आबासाहेब बनियनवर अंगणात बसून भिजलेले शेंगदाणे निवडत होते.

"झालं आबासाहेब. निघा आता तुमी, माझ्यामुळं उशीर झाला."

"कुटं?" आबासाहेबांनी विचारलं.