अन्नपूर्णाबाईंनी पदावली सर केली त्याची हकीगत

श्रीगणरायाचे स्मरण करून, खडू-फळ्यास मुजरा करून, जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले असेल तर लिहिणाराची बोटे झडोत.

शके अठराशे शहाऐंशी, क्रोधीनाम संवत्सरी, फाल्गुनमासी, मौजे डोणगावी राजमान्य राजश्री अर्जुनराव यांचे कुटुंब, अखंडितलक्ष्मी-अलंकृत अन्नपूर्णाबाई, कन्याशाळेत मास्तरीण होत्या. त्यांस वरिष्ठांचे फर्मान आले की, बाईंनी मॅट्रिक पास व्हावे, न जाहल्यास नोकरीवरून दूर व्हावे. मग बाईंनी दोन खेपा मोहीम केली आणि दोन्ही खेपा बीजगणितात तीन गुणांनी शिकस्त खाल्ली. ही तिसरी आणि अखेरची स्वारी होती. शाळेतल्या पोरींवाचून बाईंस करमत नसे, नोकरी जाणे म्हणजे अर्धा जीव जाणे होते.

गनीम एकच. त्याचे नाव, गट पाडून अवयव काढणे. अक्ष − बय + अय − बक्ष, ऐशी चार पदे मैदानात उभी राहत. अक्ष आणि बय यांत सामाईक काही नाही, सबब अक्ष व अय एकीकडे आणि बक्ष व बय दुसरीकडे करावे, येथवर मसलत बाईंस उमगे. परंतु दुसऱ्या गटातून वजा ब बाहेर काढिला तरी आतला वजा तैसाच राही, मग एका कंसात क्ष अधिक य आणि दुसऱ्यात क्ष वजा य, दोन्ही कंस एकमेकांचे तोंड पाहीनात, आणि मोहीम मोडे.

परीक्षेस तीन दिवस राहिले तों पुतणीचे लग्न आले, आणि पंगत बसविण्याची सरदारी बाईंकडे आली. वधूकडील डोणगावकर, वधूकडील धाडकर, वराकडील डोणगावकर, वराकडील धाडकर, ऐसे चार जमाव भर दुपारी मांडवात घुसले आणि दिसेल त्या पाटावर बसले. तों वराचे चुलते हिंमतराव धाडकर ताडकन उठोन गर्जले, "आमी नवरदेवाकडचे! आमाले पोरीवाल्याच्या पंगतीत काऊन बसवलं?" ते रुसले, ते पाहोन वराकडील दोन्ही गावे रुसली, आणि बुंदी पत्रावळींवर सुकू लागली.

मग बाईंनी फेरमांडणी केली, वधूपक्ष एका ओळीत आणि वरपक्ष समोर बसविला, तरी वरपक्ष जेवीना. डोणगावकर धाडकरांकडे पाहत, धाडकर हिंमतरावांकडे पाहत, आणि हिंमतराव मांडवाच्या छताकडे पाहत. तेव्हा अर्जुनरावांनी कमाल शर्थ करून त्यांस पानसुपारीच्या निमित्ते मांडवाबाहेर बाजेवर नेऊन बसविले. ते आपला रुसवा बरोबर घेऊन गेले. लागलीच आतले डोणगावकर व धाडकर बुंदीवर तुटून पडले, आणि दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसू लागल्या.

बाईंनी कढीची बादली खाली ठेविली आणि आरोळी दिली, "अवो माय! वजा भायेर गेला, आता अंदर समदे अधिक!"

लोक समजले, बाईंस ऊन लागले. बाईंनी काडी घेऊन तेथेच धुळीत लिहिले, अ(क्ष + य) − ब(क्ष + य), आणि त्याखाली (क्ष + य)(अ − ब). तोंवर कढी तहकूब राहिली आणि दोन्ही पक्षांनी एकमताने बोंब मारिली.

तिसरे दिवशी मेहकरी परीक्षेस खासा स्वारी गेली. कागदावर अक्षरे निराळी होती, दगा तोच होता. बाईंनी मनातल्या मनात हिंमतरावांस बाजेवर बसविले आणि उत्तर लिहिले. उन्हाळ्यात निकाल आला, बीजगणितात पास होण्यास लागत होते नेमके तितके गुण पडले, अधिक एकही नाही. बाई आधी रडल्या आणि मग पेढ्यांचा पुडा घेऊन एस.टी.ने हिंमतरावांच्या गावी, धाडेस, कूच करित्या जाहल्या.

हिंमतराव म्हणाले, "मले कायचा पेढा, मास्तरीणबाई?"

"दादा, तुमाले भायेर बसवलं म्हून मी पास झाली."

हिंमतराव बोलिले, "हाव. पन मंग जेवाले अंदर कोनं बोलावलं मले?"

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. लग्नाच्या त्या गोंधळात वरपक्षाचे सेनापती उपाशीच घरी गेले होते! बाईंनी पदर सावरून सगळा पुडा त्यांच्या पुढ्यात ठेविला आणि ते खाईतों समोर बसून राहिल्या.

येणेप्रमाणे पदावली फुटली, नोकरी राहिली, आणि बाराव्या पेढ्यास हिंमतराव वजाचे अधिक जाहले. मोहीम फत्ते.