जबड्यातली पेरणी

दातांचा डॉक्टर असलेल्या जावयाने सासूबाईंच्या जबड्यातल्या खड्ड्यात पांढरा रवा भरला, वर टाके घातले आणि म्हणाला, "आई, हे बनावट हाड. त्यात चिमूटभर जस्त अन् स्ट्रॉन्शियम घातलंय. त्याने तुमचं खरं हाड चाळवतं, हळूहळू यात शिरून वाढतं. मग वर दात बसवू. तोवर तोंड जरा कमी चालवा. टाका उसवला तर सगळं बाहेर!"

"म्हणजे एक शब्दही नाही!" बाईंच्या नवऱ्याने घरी येऊन सगळ्यांना सांगून टाकलं. त्याचा चेहरा सणासारखा फुलला होता.

दात बाईंना हवाच होता. समोरचा होता तो. पडल्यापासून रागावताना शिट्टी वाजे, आणि शिट्टी वाजवणाऱ्या बाईला कोण भितं? तेव्हा त्या ओठ मिटून खिडकीशी खुर्चीत बसल्या. औषधाची गुंगी चढली. जबड्यात पांढऱ्या गल्ल्या पसरल्यात, त्यातून त्यांचं हाड अनवाणी चाललंय, दारोदार विचारतंय, "इथे राहू का?" असं काहीबाही दिसू लागलं. मान डुलू लागली.

या घरात बाईंनी मान हलवल्याशिवाय कपबशीही हलत नसे.

"आई, हॉल निळा रंगवू?" सुनेने विचारलं. मान खाली गेली. सून रंगाचा डबा आणायला पळाली.

"आई, तुझं शिवणयंत्र नुसतं धूळ खातंय. समोरच्या मुलीला देऊ?" मुलाने विचारलं. मान दोनदा गेली.

"मी रोज दुपारी पत्ते कुटायला जाऊ?" नवऱ्याने विचारलं. हनुवटी थेट छातीला टेकली.

"बघा, नमस्कारच केला!"

बाईंना जाग आली तेव्हा अर्धी भिंत निळी झाली होती. आभाळच घरात शिरलंय असं वाटलं. त्या आभाळातून त्यांचं यंत्र तरंगत दाराकडे निघालं होतं. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला समोरची मुलगी. लोकांचे पडदे अन् उशांचे अभ्रे शिवून बाईंनी याच यंत्रावर हे घर उभं केलं होतं.

तोंड उघडणार, तोच रवा आठवला. त्यांनी पंजा उभारून थांबवलं. मुलगी पाया पडली. त्यांनी यंत्राकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट केलं.

"मनापासून देतायत हो!" सून गहिवरली.

त्यांनी घराच्या आत बोट दाखवलं. मुलाने आतून स्टूलही आणून दिलं.

"आजी, हे पायडल काढून भंगारात टाकते," मुलगी म्हणाली. "मोटर बसवते."

"पायडलला हात तर लाव, तंगडी मोडून ठेवीन!"

शिट्टी गल्लीभर गेली. बाईंनी घाबरून गाल धरला. गल्लीतल्या दवाखान्यातून जावई धावत आला, तोंडात बॅटरी लावून पाहिलं.

"सगळं जागच्या जागी आहे. पण मी कमी बोला म्हटलं होतं. मुक्या राहा कोण म्हणालं?"

नवरा पत्ते पिसत हळूच जिना उतरला.

"मग यंत्र नाही द्यायचं?" मुलीचा चेहरा पडला.

"माझी मान हलली म्हणजे हलली. यंत्र तुझंच. पण राहील इथे, माझ्या डोळ्यांपुढे. रोज येऊन शिवत जा."

"मग ते माझं कसं, आजी?"

बाईंनी जावयाकडे बोट केलं. "त्यांचं हाड राहतंय ना माझ्या जबड्यात? ते म्हणतात का कधी, घरी नेतो म्हणून?"