जैतुनाच्या ढोलीतले दोन पाव

"त्याने ते पाव पाखरांसाठी ठेवले असतील," मखलूफ म्हणाला.

"पाखरांसाठी असते तर कुस्करले असते," त्याची बायको सिमी म्हणाली. तिने गॅलिलीतल्या त्या खेड्याच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं.

तिच्या लाडक्या कादंबरीत एक म्हातारा शुक्रवारी गावाबाहेरच्या जैतुनाच्या ढोलीत दोन पाव ठेवतो, घरी कुणाला सांगत नाही, आणि पुढच्या पानावर थेट लेकीच्या अंगणात उभा असतो. मधलं काहीच नाही. सिमीला हे कोडं कधीच सुटलं नव्हतं. शिवाय आठ महिन्यांपासून घरात लेकीचा विषय निघत नव्हता. लेकीने, रूहामाने, आपल्या मुलाला आजोबांचं, म्हणजे मखलूफचं, नाव ठेवलं नव्हतं. मखलूफच्या घराण्यात पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव असे.

"प्रयोग करून बघू. तुम्ही ठेवून या," सिमी म्हणाली. घरात शुक्रवारची झाडलोट चालली होती, म्हणून मखलूफ लगेच निघाला.

वाटेत शेजारीण फ्रेहाने त्याला पाव लपवताना पाहिलं. ती तडक सिमीच्या दारात आली. "अगं, उपाशी ठेवतेस का नवऱ्याला? बिचारा झाडात अन्न लपवतोय!" पाठोपाठ तिच्या घरून माशांचं पातेलं आलं, मग आणखी दोन घरांतून वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसचे डबे.

तिकडे ढोलीपाशी गावच्या धर्मगुरूंनी, रब्बी अमरामांनी, स्कूटर थांबवली. "वा, मखलूफ! ही रीत अजून पाळणारा कुणी आहे तर! शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वेशीबाहेर किलोमीटरभरच चालता येतं. पण आदल्या दिवशी वाटेत दोन वेळचं अन्न ठेवलं की ती जागाच आपलं घर धरतात. तिथून पुढे आणखी किलोमीटर. म्हणजे उद्या लेकीकडे! म्हणा माझ्यामागून आशीर्वाद."

रब्बींपुढे नाही कसं म्हणणार? मखलूफने आशीर्वाद म्हटला. "मी तिच्याच गावाला चाललोय, सांगतो तिला!" म्हणून रब्बी धूळ उडवत गेलेसुद्धा.

मखलूफ घरी पोचला तेव्हा शब्बाथच्या मेणबत्त्या लागल्या होत्या; आता उद्या रात्रीपर्यंत फोनला हात लावायचा नव्हता. लेकीला 'येत नाही' कळवण्याची सोय उरली नव्हती. त्याने सगळं सांगितलं. सिमीने कादंबरीतलं ते पान पुन्हा उघडून वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या म्हाताऱ्याला जायचंच होतं."

"मला नाहीये," मखलूफ म्हणाला, आणि सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघाला.

जैतुनाखाली रूहामा उभी होती. तिच्या गावाच्या वेशीबाहेरचा किलोमीटर बरोबर तिथे संपत होता.

"इथपर्यंतच येता येतं मला," ती म्हणाली.

"रब्बी ऐकेनात, म्हणून आलो. नातू काय म्हणतो? काय नाव त्याचं, ते…"

"बाबा, माझ्या सासरी जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. त्या माणसाचं आयुष्य घटतं म्हणतात. मी नाही मानत तसलं काही. पण तुमच्या बाबतीत धीर नाही झाला."

मखलूफने सदऱ्याचं वरचं बटण उगाच काढलं, पुन्हा लावलं.

"बरं," तो तिच्या गावाच्या दिशेने चालू लागत म्हणाला. "दुसऱ्या मुलालाही दुसरंच काहीतरी नाव ठेव. मला काही घाई नाही."