वायफायच्या पेट्या मानाप्रमाणें लागल्या त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमास. ते समयीं एका विद्याराज्यीं जें घडलें तें जाहलें तैसें लिहिलें आहे; ज्यास झोंबेल त्यास खुशाल झोंबो.

राज्यीं अध्यक्ष श्रीमंत दादासाहेब गादीवर होते. इमारती दोन: पुढील नवी, तेथें दरबार, कचेरी आणि पाहुण्यांचा दिवाणखाना, मागील जुनी, काळ्या दगडाची, हातभर जाड भिंतींची, तेथें मुलींचे वर्ग. शिष्यवृत्तीची परीक्षा यंदा संगणकावर ऑनलाइन व्हावी ऐसें वरून फर्मान आलें, मग राज्यीं वायफायच्या सहा पेट्या खरीद जाहल्या, आणि त्या कोठें लावाव्या हें ठरविणें गणिताच्या शिक्षिका रेवतीबाई खांबेटे यांजकडे सोंपविलें. बाईंनीं दिवाळीची सुट्टी त्यांत घातली. भिंत न् भिंत मापिली, फोन हातीं धरोन जिन्याखालीं आणि माळ्यावर हिंडल्या, तरंग कोठें पोंचतो आणि कोठें दगडांत मरतो तें पाहिलें, आणि मग संगणकावर गणित मांडिलें कीं सहा पेट्यांत एकही वर्ग कोरडा राहों नये. संगणकानें हजारों मांडण्या ताडून उत्तम ती एक दिली: चार पेट्या मागें, दोन पुढें.

नकाशा दरबारीं गेला आणि तेथें मानपान उभा राहिला. दादासाहेब बोलिले, "पहिली पेटी आमचे दालनांत नको? लोक काय म्हणतील?" मग उपाध्यक्ष रुसले, त्यांस दुसरी दिली, आणि मुख्याध्यापकांस तिसरी, आणि सचिवांस चौथी, आणि पांचवी दिवाणखान्यांत, पाहुण्यांस फोटो धाडावयास, आणि सहावी वेशीसारिख्या त्या मोठ्या दरवाजावर, हार घालोन, नारळ फोडोन. बाई म्हणाल्या, "अहो, मागें एक तरी द्या!" दादासाहेब हांसोन बोलिले, "बाई, तरंगच तो, जाईल कीं मागें. तुम्ही गणितवाले उगाच कीस काढतां." दरबार खदखदां हांसला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकीं गेली, परंतु गिळिली.

परीक्षेचा दिवस उगवला. मागील इमारतींत मुली संगणक उघडोन बसल्या, आणि पडद्यावर नुसती चकती फिरों लागली, घड्याळ मात्र उतरत चाललें. हर्षदा कोकाटे म्हणोन मुलगी, शिष्यवृत्ती मिळाली तरच पुढें शिकणार, नाहीं तर शाळा बंद, ती रडवेली होऊन बोलिली, "बाई, वेळ चाललाय हो, प्रश्नच येईनात!" मग बाई धांवत दरबारीं गेल्या आणि मुलींस दालनांत बसविण्याची परवानगी मागितली. दादासाहेब मोबाइलवर क्रिकेट पाहत होते. चित्र कसें लख्ख! म्हणाले, "गालिचा नवा आहे, मुलींचे पाय धुळीचे. मुख्याध्यापकांस विचारा." मुख्याध्यापक म्हणाले, "छे छे, साहेबांसच विचारा." ऐसे हेलपाटे जाहले आणि मग बाईंचें डोकें सणकलें. "खड्ड्यांत गेला तुमचा गालिचा!" ऐसें बोलोन सगळ्या मुली संगणकांसुद्धां घेऊन आल्या, आणि गालिच्यावर, सोफ्यावर, टेबलावर बसविल्या. दादासाहेब ओरडले, "हें काय मांडलें आहे?" बाई बोलिल्या, "गणित! पेट्या हलेनात, म्हणोन मुली हलविल्या. आतां उठा, ती खुर्ची हर्षदेस पाहिजे." आणि नवल ऐसें कीं साहेब उठले.

प्रश्न झरझर उघडले, मुलींनीं लिहिलें, परंतु वेळ संपतां पडदा आपोआप मिटला आणि हर्षदेचे शेवटील प्रश्न राहोन गेले. शिष्यवृत्ती थोडक्यांत हुकली.

एकंदर सार इतकेंच कीं गालिचा धुण्यास गेला, दालनास कुलूप पडलें, बाईंस लेखी ताकीद मिळाली आणि पेट्या जेथल्या तेथें आहेत. ताकिदीचें बाईंस कांहींच वाटलें नाहीं. संताप आहे तो आपलाच आपणांवर, कीं त्या दिवशीं धांवत गेलें तें परवानगी मागावयास कां गेलें. तो वेळ हर्षदेचा होता.